गांवठी कोंबडीचा वंश आणि त्याच्या खुणा

खेड्यांतील एखाद्या अंगणांत पहांटे डालें उचललें म्हणजे त्याखालून कोंबड्यांचा जो घोळका बाहेर पडतो, त्यांत दोन पक्षी सहसा एकसारखे नसतात. एक तांबूस, दुसरी कबरी, तिसरी काळीभोर. कोणाचे पाय पिवळे, तर कोणाचे पाटीच्या रंगाचे. एकाच्या डोक्यावर करवतीसारखा दातेरी तुरा, दुसऱ्याच्या डोक्यावर नुसता बसका उंचवटा. आणि एखाद्या पिलाची मान जन्मापासूनच पिसांवांचून उघडी. घरधनिणीस या वैचित्र्याचें विशेष कौतुक नसतें. आपली कोंबडी शेजारणीच्या कोंबड्यांतून ओळखतां यावी, एवढाच तिला त्याचा उपयोग. परंतु रंगांच्या, तुऱ्यांच्या आणि पायांच्या या भेदांतच गेल्या सव्वाशें वर्षांत प्राणिशास्त्रानें आनुवंशिकतेचे कित्येक नियम वाचले, आणि जे भेद डोळ्यांस दिसत नाहींत त्यांच्याकडे जाण्याची वाटहि तेथूनच काढली. ती वाट सांपडेपर्यंत मनुष्यानें नुसत्या डोळ्यांनीं जी निवड केली, तिनें काय मिळविलें आणि काय नकळत गमावलें, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

डोळ्यांची ही निवड फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजानें कोणकोणत्या विनोदांनीं मन रमवावें याचें सविस्तर वर्णन आहे. मल्लांच्या कुस्त्या, मेंढ्यांच्या टकरा यांच्याबरोबर तेथें कुक्कुटविनोदासहि स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. झुंजीचा कोंबडा निवडावयाचा म्हणजे त्याची मान, मांडी, चोंच आणि चाल पारखावयाची. जो हरला तो सुरीखालीं आणि जो जिंकला तो कोंबड्यांत पैदाशीसाठीं सोडावयाचा. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या या पारखींतून ‘असील’ ही जात घडली. असील हा शब्द अरबी. त्याचा अर्थ अस्सल, कुलीन. उंच बांधा, रुंद छाती, घट्ट अंगाशीं चिकटलेलीं पिसें, डोक्यावर आंखूड, बसका तुरा, आणि मेला तरी मागें न हटण्याचा स्वभाव, हीं तिचीं लक्षणें. अंडीं मात्र ती थोडींच देते. तीं कोणी मागितलींच नव्हतीं.

या असीलाची पुढची कहाणी मोठी विलक्षण आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांतील सेनानी सर वॉल्टर गिल्बर्ट याचें मूळ घर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांत होतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें व त्या भागांतील शौकिनांनीं असील कोंबडे तिकडे नेऊन त्यांचा इंग्रजी झुंजीच्या कोंबड्यांशीं संकर केला, असें तिकडील परंपरा सांगते. हेतु असा कीं, दोन्ही देशांचें शौर्य एका पक्ष्यांत उतरावें. घडलें तें उलटेंच. नवा पक्षी जड, रुंद छातीचा आणि मंद चालीचा निघाला. झुंजीच्या रिंगणांत तो अगदीं कुचकामाचा ठरला. परंतु त्याच्या छातीवर मांस विपुल होतें. त्या पक्ष्यास ‘इंडियन गेम’ हें नांव पडलें, आणि तो अमेरिकेंत गेल्यावर ‘कॉर्निश’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९४८ सालीं अमेरिकेंत ‘उद्याची कोंबडी’ या नांवाची राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हां पहिला क्रमांक मिळाला तो कॉर्निश कोंबडा आणि न्यू हॅम्पशायर कोंबड्या यांच्या संकरास. आज जगभर सहा-सात आठवड्यांत विक्रीस तयार होणारी जी पांढरी मांसल ब्रॉयलर कोंबडी आहे, तिचें पितृकुल मुख्यतः या कॉर्निशाचें. म्हणजे हिंदुस्थानांतून गेलेलें असीलाचें रक्त दीडशें वर्षांनीं परदेशी कोंबडी म्हणून हिंदुस्थानांत परत आलें. गंमत अशी कीं, ज्यांनीं तें नेलें त्यांस त्यांतील खरा मोलाचा गुण कोणता, हें नेतांना ठाऊक नव्हतें.

कोंबड्यांचे इतके प्रकार एका रानपक्ष्यापासून झाले कीं अनेकांपासून, हा प्रश्न चार्ल्स डार्विननें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राणी व वनस्पती यांवरील आपल्या ग्रंथांत हातीं घेतला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ याच्याकडून त्यास हिंदुस्थानांतील पक्ष्यांची पुष्कळ माहिती मिळत असे. रानकोंबड्यांच्या एकंदर चार जाति आहेत: हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडील देशांपर्यंत पसरलेला तांबडा, भारतीय द्वीपकल्पांतील करडा, सिंहलद्वीपांतील एक आणि जावा बेटाकडील हिरवा. डार्विननें काळा स्पॅनिश कोंबडा आणि रेशमासारख्या पिसांची पांढरी सिल्की कोंबडी यांचा संकर करून पाहिला. आईबापांपैकीं कोणाच्याहि अंगावर तांबडें पीस नव्हतें. तरीहि त्या संततींत एक कोंबडा असा निघाला, कीं त्याचा तांबडा-नारिंगी झगझगीत पिसारा थेट तांबड्या रानकोंबड्याची आठवण करून देत होता. दडलेला पूर्वज असा वर आला. करड्या रानकोंबड्याचा पाळीव कोंबड्यांशीं झालेला संकर बहुधा वांझ निघतो, हें पाहून डार्विननें त्यास पूर्वजांच्या यादींतून वगळलें आणि सर्व कोंबड्या एकट्या तांबड्याच्याच वंशज, असा निर्णय दिला. तो निर्णय बहुतांशीं खरा ठरला. येथें ‘बहुतांशीं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यामागची कथा पुढें येईल.

डार्विनास जें दिसलें, त्याचें कारण त्यास सांगतां आलें नाहीं. तें कारण ऑस्ट्रियांतील ब्रनो येथील पाद्री मेंडेल यानें वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ सालींच छापलें होतें. परंतु जगाच्या तें दृष्टीस पडलें १९०० सालीं. त्यानंतर दोनच वर्षांत केंब्रिजच्या विल्यम बेट्सननें दाखवून दिलें, कीं वाटाण्याचा नियम कोंबडीसहि लागू आहे. त्यासाठीं त्यानें निवडला तो कोंबड्याचा तुरा. गुलाबाच्या कळीसारखा पसरट तुरा आणि साधा एकपाती दातेरी तुरा यांचा संकर केला तर पहिल्या पिढींत सर्व पिलें गुलाबतुऱ्याचीं. आणि त्या पिलांचा आपसांत संकर केला, तर चारांत एक पिलूं पुन्हां एकपाती. वाटाण्याच्या दाण्यांसारख्या तीन बारीक ओळींचा जो बसका तुरा असील कोंबड्यास असतो, त्याचीहि तीच रीत. पुढें गुलाबतुरा आणि वाटाणातुरा यांचाच परस्पर संकर केला, तेव्हां सर्व पिलांस एक तिसराच तुरा आला. तो अक्रोडाच्या गरासारखा दिसे. १९०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांत बेट्सन व पनेट यांनीं या अक्रोडी पक्ष्यांच्या संततीचा हिशेब दिला. सोळा पिलांमागें नऊ अक्रोडी, तीन गुलाबी, तीन वाटाणी आणि एक एकपाती. जो एकपाती तुरा आईबापांसहि नव्हता आणि आजाआजीसहि नव्हता, तो नातवाच्या डोक्यावर उगवला! दोन निरनिराळे आनुवंशिक घटक, ज्यांस आतां जनुक म्हणतात, एकाच अवयवावर मिळून कसें काम करितात, याचें हें पहिल्या उदाहरणांपैकीं एक. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस तें आजहि शिकवितात.

तुऱ्याच्या कथेंत एक कोडें मात्र शंभर वर्षें राहिलें. अमेरिकेंतील वायन्डॉट ही जात गुलाबतुऱ्याची. तिच्या शौकिनांनीं एकपाती तुऱ्याचें पिलूं निघालें कीं तें बाजूस काढावें, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालविला. तरीहि तीं पिलें निघतच राहिलीं. ज्या कोंबड्यास गुलाबतुऱ्याचें जनुक आई व बाप या दोघांकडून मिळालें असेल, त्याची जननशक्ति मंद असते, एवढें पुढें ध्यानांत आलें. परंतु तुऱ्याचा आणि जननशक्तीचा संबंध काय? १९१२ सालचा शौकीन हें विचारूं शकला असता. उत्तर मिळालें तें २०१२ सालीं. गुणसूत्राचा सुमारें ७४ लक्ष अक्षरांचा एक लांबच लांब तुकडा फार पूर्वीं तुटून उलटा जोडला गेला आहे, असें स्वीडनमधील संशोधकांस आढळलें. त्या तुकड्याच्या एका टोंकास जें जनुक आपल्या जागेवरून हललें, तें तुऱ्याचा आकार बदलतें. दुसऱ्या टोंकास जें जनुक मोडलें, तें नराच्या शुक्रबीजांची गति मंद करितें. डोळ्यानें तुरा निवडला, आणि त्याच्यामागून दुसरी गोष्ट न सांगतां घरांत आली.

तुऱ्यापेक्षांहि डोळ्यास अधिक चकविणारा गुण म्हणजे काळें मांस. मध्यप्रदेशांतील झाबुआ, अलिराजपूर आणि धार या भागांतील भिल्ल व भिलाला लोकांच्या घरीं असलेली कडकनाथ कोंबडी आतां महाराष्ट्रांतहि सर्वश्रुत झाली आहे. तिची कातडी, मांस, हाडांवरील पापुद्रे आणि आंतील इंद्रियेंहि काळीं. हाच गुण चीनकडील सिल्की कोंबडींत आहे. फक्त तिचीं पिसें पांढरीं. बेट्सन व पनेट यांनीं या काळेपणाचा शोध घेऊन १९११ सालीं एक निबंध लिहिला. त्यांत त्यांनीं नोंदलेली गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सिल्की कोंबडी आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडा यांचा संकर केल्यास सर्व पिलांत काळेपणाची नुसती छटा उतरते. परंतु तेंच उलट केलें, म्हणजे कोंबडा सिल्की आणि कोंबडी लेगहॉर्न घेतली, तर नर पिलें फिकीं आणि माद्या मात्र बापासारख्या काळ्याकुट्ट निघतात. कारण असें कीं, काळेपणा दाबून टाकणारें एक दुसरें जनुक लिंगसूत्रावर असतें, आणि पक्ष्यांत मुलीला तें सूत्र केवळ बापाकडून मिळतें. सिल्की बापाजवळ दाबणारें जनुक नसतें. म्हणून त्याच्या मुली अर्ध्या लेगहॉर्न असूनहि दिसावयास संपूर्ण काळ्या.

हा जुना प्रयोग आजच्या बाजारांत थेट उतरला आहे. २०१८ सालीं झाबुआच्या कडकनाथ मांसास भौगोलिक मानांकन मिळालें आणि भाव वाढले. काळी दिसेल ती कोंबडी कडकनाथ म्हणून विकण्याचा मोह सुटणें कठीण. आणि बेट्सनच्या हिशेबाप्रमाणें पाहतां, कडकनाथ कोंबडा परक्या कोंबड्यांत सोडला तर त्याच्या कित्येक मुली काळ्या निघतील, मग त्यांचें अर्धें रक्त कोणतेंहि असो. तेव्हां नुसत्या रंगानें जात ठरत नाहीं. २०११ सालीं असें उघडकीस आलें, कीं या काळेपणाच्या मुळाशीं विसाव्या गुणसूत्राच्या दोन तुकड्यांची एक गुंतागुंतीची दुबेरीज आहे. तिच्यामुळें रंगपेशींस वाढविणारें एक जनुक दुप्पट होतें. सिल्की, जावाकडील काळी कोंबडी आणि स्वीडनमधील काळी कोंबडी या सर्वांत ती दुबेरीज तीच. भोपाळच्या संशोधकांनीं कडकनाथाच्या गुणसूत्रांचा अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां तेथेंहि तीच मांडणी दिसली. म्हणजे हा काळेपणा देशोदेशीं वेगवेगळा उपजला नाहीं. तो एकदांच कोठेंतरी घडला आणि माणसांबरोबर समुद्र व डोंगर ओलांडून गेला. परंतु या एका खुणेनें काळेपणाची खात्री होईल, कडकनाथपणाची होणार नाहीं. जात शुद्ध आहे कीं नाहीं हें ठरविण्यास गुणसूत्रांवर सर्वत्र विखुरलेल्या अनेक खुणा एकत्र पाहाव्या लागतात.

खूण पाहून निवड करण्याची कल्पना डी. एन. ए. वाचतां येऊं लागण्याच्या पूर्वींची आहे, आणि तिचा जन्म कोंबडीच्या रक्तांत झाला. हंगेरींतील पशुवैद्य योझेफ मारेक यानें १९०७ सालीं कोंबड्यांच्या पायांस लुळेपणा आणणाऱ्या एका रोगाचें वर्णन केलें. पुढें मोठमोठे कोंबडीखाने उभे राहिले, तेव्हां त्या मारेकच्या रोगानें हजारों पक्षी मरूं लागले. त्याचें कारण एक विषाणु आहे हें निश्चित झालें १९६७ सालीं. लस त्यानंतर आली. दरम्यान अमेरिकेंतील ब्राइल्स व त्याचे सहकारी कोंबड्यांचे रक्तगट ठरवीत होते. १९५० सालीं त्यांनीं वर्णिलेला ‘बी’ नांवाचा रक्तगट केवळ रक्ताचा नसून शरीराच्या रोगप्रतिकाराशीं बांधलेला आहे, हें हळूहळू स्पष्ट झालें. आणि १९७७ सालीं खात्रीनें दाखविण्यांत आलें, कीं या गटाचा एकविसावा प्रकार ज्या कोंबडींत असेल ती मारेकच्या रोगांतून बहुधा वांचते. ही सोय केवढी मोठी होती, याची कल्पना सहज येईल. रोगास कोण टिकेल हें पाहण्यासाठीं पूर्वीं पिलांस रोग लावावा लागे, आणि जें वांचेल त्याच्या भावंडांपासून वंश वाढवावा लागे. आतां पंखाखालील शिरेंतून रक्ताचा एक थेंब घेतला कीं पुरे.

रक्तगटाची ही खूण स्वतःच रोगप्रतिकाराचें काम करिते. परंतु खुणेनें स्वतः काम केलेंच पाहिजे असें नाहीं. गुणसूत्र म्हणजे एक लांब माळ आहे असें मानलें, तर शेजारचे दोन मणी पिढ्यान् पिढ्या बहुधा बरोबर जातात. आपणांस हवा असलेला मणी काळोखांत असला, पण त्याचा शेजारी उजेडांत असला, तर शेजाऱ्यावरून त्याचा पत्ता लागतो. अमेरिकेंतील हट् यानें १९३६ सालींच कोंबडीच्या गुणांचा असा माळेवरील क्रम मांडला होता. पाळीव जनावरांत तसा नकाशा निघालेला प्राणी कोंबडी हाच पहिला. त्या नकाशांत तुरे, पिसें, रंग असे डोळ्यांस दिसणारे मणी फार थोडे होते. १९९२ पासून डी. एन. ए. च्या खुणांचे नकाशे निघूं लागले; आणि ९ डिसेंबर २००४ च्या ‘नेचर’ या पत्रांत एका तांबड्या रानकोंबडीची सुमारें शंभर कोटि अक्षरांची संपूर्ण लिपि प्रसिद्ध झाली. तिच्याशीं ब्रॉयलर, लेगहॉर्न वंशाची अंडीं देणारी कोंबडी आणि सिल्की यांची तुलना केली, तेव्हां अक्षरभेदाच्या २८ लक्ष जागा सांपडल्या. खुणांची वाण आतां कसली?

या खुणांचा व्यवहारांत उपयोग कसा होतो, याचें एक घरगुती उदाहरण आहे. तपकिरी अंडीं घालणाऱ्या कांहीं कोंबड्यांच्या अंड्यांस मासळीसारखा वास येई, विशेषतः मासळीची कुटी किंवा मोहरीवर्गांतील कांहीं बियांची पेंड खावयास दिल्यास. दोष कोंबडींत आहे हें कळे, पण तो आला कोंबड्याकडून कीं कोंबडीकडून, हें कळावें कसें? कोंबडा तर अंडें घालीत नाहीं! २००५ सालीं यूरोपांतील संशोधकांनीं या वासाच्या मुळाशीं असलेलें जनुक शोधलें. मग पैदाशीच्या कोंबड्यांची तपासणी करून दोषी नर बाजूस काढणें सोपें झालें. जो गुण नरांत दिसत नाहीं, जो फार उशिरा दिसतो, किंवा जो पाहावयास पक्षी मारावा लागतो, तेथें खुणेची निवड डोळ्यांच्या निवडीहून सरस ठरते, ती अशी.

आतां डार्विनाच्या ‘बहुतांशीं’ची कथा. पुष्कळ कोंबड्यांचे पाय व कातडी पिवळी असते. ब्रॉयलरची असते, लेगहॉर्नची असते, अनेक असीलांचीहि असते. मका आणि हिरवा पाला यांतून जें पिवळें द्रव्य पोटांत जातें, तें कातडींत फोडून टाकणारें एक जनुक सामान्यतः जागें असतें, म्हणून कातडी पांढरी राहते. तें कातडीपुरतें झोपलें, म्हणजे पिवळेपणा साचतो. हें झोपलेलें जनुक कोणाकडून आलें? स्वीडनमधील उपसाला येथील संशोधकांनीं २००८ सालीं तें तांबड्या रानकोंबड्याच्या जनुकाशीं ताडून पाहिलें, तों जुळेना. तें जुळलें करड्या रानकोंबड्याशीं. म्हणजे ज्यास डार्विननें वांझ संकराच्या कारणावरून बाहेर ठेविलें होतें, त्याच्याशीं. मुख्य वंश तांबड्याचा, यांत शंका नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या शेंकडों पक्ष्यांच्या अभ्यासानें तर तो नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व ब्रह्मदेश यांकडील पोटजातीपर्यंत नेऊन भिडविला. कोंबडी प्रथम सिंधूच्या कांठीं माणसाळली, असें शाळेच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षें येत असे. पण पाळीव कोंबडीचीं सर्वांत जुनीं निर्विवाद हाडें मध्य थायलंडांतील बान नोन वाट येथें मिळालीं असून तीं इ. स. पूर्वीं १६५० ते १२५० या काळांतील आहेत, असें २०२२ सालच्या संशोधनाचें म्हणणें आहे. तरीहि त्या वंशांत कोठेंतरी करड्याचा एक थेंब पडला, आणि तो जगभर पसरला.

हा करडा रानकोंबडा भारताबाहेर रानांत कोठेंहि नाहीं. सह्याद्रीच्या घाटांतून पहांटे चालणाऱ्यास त्याची तुटक, कर्कश आरोळी परिचित आहे. त्याच्या मानेवरील पिसांच्या टोंकांस मेणचट पिवळे ठिपके असतात. इंग्रजी गळकऱ्यांस ट्राउट मासा पकडण्याच्या कृत्रिम माशा बनविण्यासाठीं तींच पिसें लागत, म्हणून एके काळीं या पक्ष्याची अतोनात शिकार झाली. ज्या पक्ष्याची किंमत मानेवरील चार पिसांवरून केली जात होती, त्यानें जगांतील कोट्यवधि कोंबड्यांस पायांचा रंग दिलेला होता.

येथवर मिळकतीचा हिशेब झाला, आतां खर्चाचा. विसाव्या शतकांत अंड्यांचा धंदा लेगहॉर्न व आणखी दोनचार जातींवर, आणि मांसाचा धंदा कॉर्निश व प्लिमथ रॉक यांवर उभा राहिला. एकाच गुणासाठीं थोड्या पक्ष्यांतून पिढ्यामागून पिढ्या निवड होत गेली. २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं धंद्याच्या कोंबड्या आणि देशोदेशींच्या जुन्या जाति यांची हजारों खुणांवर तुलना केली, तेव्हां मूळ जातींत असलेल्या आनुवंशिक भेदांपैकीं निम्मे किंवा त्याहूनहि अधिक भेद धंद्याच्या वंशांतून नाहींसे झालेले आढळले. खूण कितीहि सूक्ष्म असली तरी जें कोठारांत उरलें नाहीं तें ती निवडणार कशी? नवा रोग आला, किंवा उन्हाळा अधिक कडक झाला, तर त्यावरचा गुण शोधावयास गांवठी कोंबडीच्याच अंगणांत यावें लागेल. उघड्या मानेचेंच पाहा. जी उघडी मान कुरूप म्हणून हेटाळली जाते, ती एका जनुकाची करामत असल्याचें २०११ सालीं ठरलें. पिसें कमी असल्यानें तो पक्षी उष्ण प्रदेशांत अंगांतील ताप सहज बाहेर टाकतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षिसंशोधन संस्थेनें ‘हितकारी’ नांवाचा वाण तयार केला, तो या उघड्या मानेच्या देशी कोंबड्यांच्या संकरांतूनच.

१९८४ सालीं स्थापन झालेली, कर्नाल येथील पशु-आनुवंशिक साधनांची राष्ट्रीय संस्था देशी जातींची नोंद ठेविते. असील, कडकनाथ, निकोबारी, घागस, मिरी, अंकलेश्वर, हरिंघाटा अशीं नांवें तिच्या यादींत आहेत. महाराष्ट्राच्या वांट्यास आलेली ‘बुसरा’ ही जात नंदुरबार-धुळ्याकडील आणि त्यास लागून असलेल्या गुजरातेंतील आदिवासी घरांची. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत देशांतील कुक्कुटपक्षी ८५ कोटींच्या वर भरले, आणि त्यांपैकीं सुमारें ३१ कोटि ७० लक्ष परसांतील होते. पण परसांतील म्हणजे देशी जातीचे असें नव्हे. सुधारलेल्या वाणांचीं पिलें गांवोगांव वांटलीं जातात, त्यांचे नर गांवांतील कोंबड्यांत मिसळतात, आणि तिसऱ्या पिढीस कोणती बुसरा व कोणती नव्हे हें सांगणें दुरापास्त होतें. वांटणारे चुकतात असें म्हणणें अन्यायाचें होईल; हैदराबादेच्या ‘वनराजा’ वा ‘ग्रामप्रिया’ या वाणांनीं पुष्कळ घरांत अंडीं वाढविलीं आहेत. परंतु मिसळण्यापूर्वीं मूळ जातींचे कांहीं कळप वेगळे राखणें आणि त्यांच्या खुणा टिपून ठेवणें, हें काम वांटपापेक्षां मागें पडलें आहे खरें.

खुणेच्या सामर्थ्याचीहि मर्यादा आहे. एकेका जनुकाच्या हातीं असलेले गुण, म्हणजे तुरा, काळेपणा, अंड्याचा वास, तिच्यानें सहज पकडले जातात. परंतु खेड्यांतील कोंबड्यांचा मोठा शत्रु जी मानमोडी, अर्थात् राणीखेत रोग, तिच्याशीं झगडण्याची शक्ति तशी नाहीं. घाना आणि टांझानिया येथील गांवठी कोंबड्यांवर अलीकडे झालेल्या प्रयोगांत असें दिसलें, कीं ही शक्ति आनुवंशिक आहे खरी, पण ती अनेक जनुकांत थोडी थोडी वांटलेली आहे. तेथें एक मणी धरून भागत नाहीं. सगळी माळ मोजावी लागते, आणि त्यासाठीं शेंकडों पक्ष्यांच्या वंशाची, वजनाची व अंड्यांची काटेकोर नोंद हवी. ज्या कोंबडीचा बाप कोण हें मालकिणीसहि सांगतां येत नाहीं, तिची नोंद ठेवणार कोण, ही अडचण प्रयोगशाळेची नव्हे, अंगणाची आहे.

आणि निवडावें तरी काय? गांवठी कोंबडी दहाबारा अंडीं घालते आणि खुडूक होते. रवणास बसली म्हणजे एकवीस दिवस ती हलत नाहीं, आणि पिलें निघाल्यावर कित्येक आठवडे त्यांच्याच पाठीमागें असते. तितके दिवस अंडें नाहीं. लेगहॉर्न कोंबडी खुडूक होणें जवळजवळ विसरली आहे, म्हणूनच ती वर्षभर अंडीं देते. चीनमधील संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें, कीं खुडूक होण्याशीं संबंध असलेल्या एका ग्रंथिरसाच्या जनुकाजवळ चोवीस अक्षरांची एक भर लेगहॉर्नमध्यें आहे, आणि खुडूक होणाऱ्या देशी जातींत ती बहुधा नाहीं. खूण तयार आहे. ती धरून गांवठी कोंबडींतून खुडूक होणें काढून टाकण्याचा प्रयत्न उद्यां कोणी करूं म्हणेल, आणि अंड्यांचा आंकडा वाढेलहि. पण ज्या पाड्यावर अंडीं उबविण्याचें यंत्र नाहीं, वीज भरंवशाची नाहीं आणि पिलांची गाडी वर्षांतून एकदां आली तर येते, तेथें पुढल्या वर्षाच्या कोंबड्या येतात त्या खुडूक कोंबडीच्या पोटाखालूनच. नंदुरबारकडील बाई चांगली बसणारी कोंबडी विकत नाहीं, शेजारणीस उसनी देते. आणि पिलें निघालीं कीं त्यांतील कांहीं शेजारणीकडून परत घेते.